पाऊस, इन्शाल्ला

घरात मला हवामानावर बोलायची बंदी होती, आणि बाहेर त्याच बोलण्याचा मला पगार मिळत होता. समुद्रात काम करणाऱ्या बोटींना रोजचं हवामान कळवणाऱ्या दोह्यातल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरी करायचे. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन कतारला आले त्याला फार वर्षं झाली नव्हती. सकाळी कंपनीची गाडी मदिनत खलीफातल्या आमच्या घरासमोर येऊन हॉर्न वाजवायची, मी डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत बाहेर पडायचे, आणि सासूबाई दारातून सांगायच्या, "सांभाळून जा गो. आनि काय वाईट-वंगाळ बोलू नको." त्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणायचो.

त्यांचा माझ्यावर राग नव्हता. त्यांना माझ्या जिभेची भीती होती. माझी जीभ काळी आहे, मी जे वाईट बोलते ते खरं होतं, असं त्यांच्या कानावर आलं होतं. लग्न ठरताना ही गोष्ट कुणी काढली नाही आणि ठरल्यावर सगळ्यांनी मिळून सांगितली.

रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथं लहानपणी एकदा शेजारच्या चाचींनी अंगणभर सुकट वाळत घातली होती. मी कुंपणावरून म्हटलं, "चाची, आज तुमची सुकट भिजणार." तिन्हीसांजेला अवकाळी सर आली. आभाळ पश्चिमेला काळवंडलं होतं, ते कुणालाही दिसलं असतं, पण बोलले ते मी. त्यानंतर दोनचार वेळा असंच झालं आणि मी गावात काळ्या जिभेची झाले. आईनं एकदा मला उजेडात नेऊन जीभ बाहेर काढायला लावली, कुठं तीळबीळ आहे का ते बघितलं. काही सापडलं नाही, तरी तिचं समाधान झालं नाही. पुढे मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले, वाऱ्याचं आणि हवेच्या दाबाचं गणित शिकले, आणि तरीही कधीकधी न्हाणीघराच्या आरशासमोर जीभ काढून बघायचे. शिकलेल्या बाईनं असं करावं याची मला लाज वाटायची. पण बघायचं काही थांबवलं नाही.

त्या वर्षीचा हिवाळा भलताच निघाला. एरवी कतारच्या हिवाळ्यात दोन शिंतोडे पडले तरी लोक गाड्यांतून बाहेर येऊन हात पसरून उभे राहतात. त्या साली पाऊस आला की दोन-दोन दिवस मुक्काम करायचा. रस्त्यांना पाणी वाहून जायला गटारं नाहीत, त्यामुळे गल्ल्यांची तळी व्हायची आणि टँकर येऊन पाणी उपसत बसायचे. थंडी अशी की अम्मी घरातही शाल सोडत नव्हत्या. उत्तरेकडच्या डोंगराळ देशांत बर्फ साठलंय आणि तिथला गार वारा थेट आपल्यावर येतोय, असं ऑफिसात बोललं जायचं. आमच्या नकाशांवर दिसायचंही तसंच.

ऑफिसात मात्र सगळे खूष. पाऊस म्हणजे खैर, म्हणजे कल्याण, अल्लाची मेहेर. आमचे मुदीर, म्हणजे साहेब, सुदानचे होते. जाडजूड, हळू बोलणारे, आयुष्यभर आभाळाखाली बसून पांढरे झालेले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक शिस्त लावली. कागदावर अंदाज लिहायचा तो कोरडा, आकड्यांसकट. पण तोंडानं सांगताना, फोनवर सांगताना, शेवटी 'इन्शाल्ला' म्हणायचंच. उद्याची गोष्ट आपण ठामपणे सांगणारे कोण? शिवाय इथं पाऊस हवाच असतो, तेव्हा ती दुआही होते. मला ते पटलं. बोटीवरच्या कॅप्टनचा फोन आला की मी सांगायचे, "वारा जोराचा, लाटा दोन मीटर, दुपारनंतर पाऊस, इन्शाल्ला." पलीकडून तोही समाधानानं इन्शाल्ला म्हणायचा. त्या हिवाळ्यात हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले की ते तोंडात बसून गेलं.

त्याच दिवसांत माझ्या नणंदेची मंगणी ठरली. आधी तिची दोन ठिकाणची बोलणी मोडली होती. एक व्हिसाच्या भानगडीत गेलं आणि दुसरं का गेलं ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती सव्वीस ओलांडून पुढे गेली होती आणि अम्मींची झोप उडाली होती. हे स्थळ चांगलं होतं. मंडळी रायगडकडची, अल रय्यानला राहणारी, मुलगा इलेक्ट्रिशियनचा फोरमन. मंगणी शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, आमच्या अंगणात. पुरुष बाहेर सतरंज्यांवर, बायका आत, बिर्याणीच्या डेगा कोपऱ्यात. सगळं ठरल्यावर मुलाची आई एकदा शेवटचं बोलून जायला म्हणून आली.

मी चहा घेऊन गेले. अम्मी आणि मुलाची आई गालिच्यावर बसल्या होत्या. नणंद दाराच्या पडद्याआड उभी होती, तिच्या पायाचा अंगठा मला खालून दिसत होता. मुलाच्या आईनं कप घेतला आणि सहज विचारलं, "तुमची ही सून मौसमच्या हापिसात हाय ना? मग इचारा की तिला. शुक्रवारी मंडप लागेल का नाय?"

अम्मींनी माझ्याकडे बघितलं. बोलू नको, असं त्या डोळ्यांनी सांगत होत्या, ते मला दिसलंही. पण एखाद्यानं हवामान विचारलं की माझं तोंड आपोआप उघडायचं, तशी सवयच लागली होती. मी म्हटलं, "शुक्रवारी दुपारनंतर पाऊस हाय, इन्शाल्ला."

त्या बाईंनी कप खाली ठेवला.

आमच्या घरांत इन्शाल्ला कशाला लागतं? जे व्हावंसं वाटतं त्याला. पोरगं पास होईल, इन्शाल्ला. व्हिसा येईल, इन्शाल्ला. ताप चढेल, इन्शाल्ला, असं कुणी म्हणत नाही. मी लोकांच्या मंगणीत पाऊस पडो, अशी दुआ मागितली होती. शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. त्याचाही उपयोग नव्हता. उलट जिभेकडेच लक्ष गेलं.

"पाऊस पडावा असं म्हनतेय व्हय ही?" मुलाची आई अम्मींना म्हणाली.

"तिला तसं नाय म्हनायचं," अम्मी घाईनं म्हणाल्या. "हापिसातली सवय हाय तिची."

मी समजावू गेले. आमच्या ऑफिसात पाऊस म्हणजे खैर समजतात, म्हणून तसं म्हणतात, मुदीरांनी शिकवलंय, असं काहीबाही अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत सांगत राहिले आणि जितकं सांगितलं तितकं बिघडत गेलं. त्या बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "अशी ओली खैर आमाला नको, बये." मग त्यांनी विषय बदलला. पडद्याखालचा अंगठा तिथं राहिला नव्हता. मी कप गोळा करून स्वयंपाकघरात आले आणि नळ सोडून उगाचच ते परत परत धूत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दोन दिवसांनी अल रय्यानहून फोन आला. मंगणी त्यांच्याकडे करायची. "आमचं अंगण मोठं हाय," एवढंच कारण. कारण काय ते सगळ्यांना कळत होतं. माझं बोलणं ज्या अंगणाला लागलं ते त्यांना टाळायचं होतं. रात्रीच्या जेवणाला अम्मींनी पानावरून नजर न उचलता मला सांगितलं, "तू घरीच रहा त्या दिवशी. बरं नाय तुला, असं सांगते मी." नवरा समोरच बसला होता. एका बांधकाम कंपनीत तो स्टोअरकीपर होता, दिवसभर कुणाकुणाशी भांडून सामान मोजून घ्यायचा, पण घरात त्याच्या तोंडून शब्द निघत नसे. त्यानं माशाचा काटा बाजूला काढून ठेवला आणि भात कालवत राहिला. मी "बरं" म्हटलं. मला राग यायला हवा होता, भांडायला हवं होतं. मला आली ती लाजच, आणि तीही अशी की जणू मी खरंच काही करून बसले होते.

गुरुवारी ऑफिसात नकाशे आले. पाऊस होताच. पण तो दोह्याच्या पश्चिमेला, जमिनीकडच्या अंगाला जास्त दिसत होता. वरच्या हवेचे आकडे मी तीनदा बघितले. वर इतकं गार होतं की नुसता पाऊस नव्हे, गारा पडतील, असं मला वाटलं. मी मुदीरांना म्हटलं, अंदाजात गारा लिहू या. ते हसले. "कतारमध्ये गारा? तुझ्या वयात मलाही सगळीकडे गारा दिसायच्या." मी हट्टाला पेटले. आकडे पुढे ठेवले, बोटानं दाखवले, आवाजही थोडा चढला असेल. घरात ज्या तोंडाला कुलूप होतं ते तिथं सैल सुटलं होतं. शेवटी त्यांनी खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "लिही. पण हे वाक्य तुझं. चुकलं तरी तुझं, खरं ठरलं तरी तुझं." मी लिहिलं, दोह्याच्या पश्चिमेला काही ठिकाणी गडगडाटासह पाऊस, गारांची शक्यता. इतक्या दिवसांत त्या कागदावर माझं स्वतःचं असं ते पहिलं वाक्य. संध्याकाळपर्यंत मी निमित्त काढून काढून ते वाचत होते.

दोह्याच्या पश्चिमेला म्हणजे अल रय्यान. घरी आल्यावर नवऱ्याला मी बाजूला घेतलं. म्हटलं, "तिकडे मंडप घालायला सांगा. आपल्याकडे कदाचित काही होणार नाही, पण रय्यानला नक्की होणार. गारासुद्धा पडतील."

त्यानं आधी दाराकडे बघितलं, अम्मी ऐकत नाहीत ना म्हणून. मग हात जोडले. "मी पाया पडतो तुझ्या. आता काय बोलू नकोस. उद्याचा दिवस जाऊ दे."

मी ताटं मांडायला आत गेले.

शुक्रवारी सगळे नटूनथटून गेले. नणंदेनं जाताना माझ्याकडे बघितलं नाही. मी घरात एकटी उरले. थोडं झाडलं, कपडे धुतले आणि ते वाळत घालायला गच्चीवर गेले. आमच्यावर लख्ख ऊन होतं. पश्चिमेला मात्र ढग उभा राहिला होता, तळाशी काळा, वर पांढराफेक, आणि बघता बघता वाढत होता. मी ओला टॉवेल हातात धरून नुसती बघत राहिले. खरं सांगायचं तर मला दोन्ही हवं होतं. नणंदेचं सगळं नीट पार पडावं, आणि माझं वाक्य खरं ठरावं. यातलं दुसरं मी मनात येऊ देत नव्हते, तरी ते येत होतं. लांबून गडगडलं. ओल्या मातीचा वास घेऊन गार वारा आला, कपडे फडफडले, आणि आमच्याकडे एक थेंबही पडला नाही. मग मात्र मला तिथं उभं राहवेना. खाली येऊन मी जानमाज अंथरली. दुआ काय मागायची तेच कळेना, म्हणून फक्त नणंदेचं नाव घेतलं आणि उठले.

संध्याकाळी गाडी थांबली. माझी पाचावर धारण बसली होती. आधी नणंद आत आली. ओढणी ओली, पायजम्यावर चिखल, आणि बोटात अंगठी. मी अंगठीकडे बघितलं, तशी ती हसली आणि एकदम बोलत सुटली. जेवणं सुरू झाली आणि आभाळ फाटलं. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोरांएवढ्या गारा. डेगांच्या झाकणांवर ताशा वाजावा तसा आवाज. सगळं अंगण पांढरं. पोरं 'बर्फ, बर्फ' ओरडत नाचत होती, आजूबाजूचे लोक गाड्या थांबवून ते पांढरं बघायला उतरले होते. पुरुष ताटं डोक्यावर धरून बायकांच्या खोलीत घुसले. त्या गर्दीत मुलाच्या आईनं आणखी काही व्हायच्या आत म्हणून अंगठी काढली आणि हिच्या बोटात घातली. "बिर्याणी, सतरंज्या, सगळं पाण्यात," नणंद म्हणाली, "पन मंगणी झाली, भाभी."

अम्मी मागून येत होत्या. मी खाली मान घालून उभी राहिले. ऐकून घ्यायची तयारी केली होती. त्यांनी ओली शाल खुर्चीवर टाकली आणि थेट माझ्याजवळ आल्या.

"आपल्या दारात पडला काय?"

"नाही."

"एक तरी थेंब?"

"नाही, अम्मी."

त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. हात बर्फासारखे गार होते. "बघ. तू कुठलं बोलली होतीस? इथलं. या अंगनाचं. इथं तर काय झालंच नाय. म्हंजे तुझा बोल खोटा ठरला गो. तुझी जीभ काळी नाय." हे त्यांनी तिथं, अल रय्यानला, सगळ्या बायकांसमोर मोठ्यानं सांगितलं होतं. मुलाच्या आईलाही ते पटलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, उगाच त्या पोरीला घरी ठेवलंत, मंगणी इथं आणून आम्हीच फसलो. माझ्यासाठी त्यांनी डबाभर सांदणं पाठवली होती.

नवरा दारात बूट काढत होता. मी काय म्हटलं होतं ते त्याला माहीत होतं. आमची नजर भेटली. त्यानं बुटाच्या नाड्या सोडवायला मान खाली घातली. सुटलेल्याच होत्या त्या.

मी म्हटलं, "हो अम्मी. चुकलंच माझं." त्यांनी मला छातीशी धरलं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. मला रडू आलं आणि त्यांना वाटलं की सुटकेचं रडू आहे. ते तसंही होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मुदीर होते, सुट्टीच्या दिवशी ड्यूटीवर. एरवी हळू बोलणारा माणूस जवळजवळ ओरडत होता. "गारा! रय्यानला गारा! सगळीकडून फोन येतायत. कुणाच्याही कागदावर नव्हत्या, फक्त आपल्या कागदावर. तुझं वाक्य. मबरूक, अभिनंदन!" ते इंग्रजीत बोलत होते आणि रिसीव्हरमधून आवाज बाहेर येत होता. नणंदेला इंग्रजी कळायचं. ती अंगठी फिरवत माझ्याकडेच बघत होती. अम्मी शेजारी डब्याचं झाकण उघडत होत्या.

मी इंग्रजीत म्हटलं, "नाही सर. माझा अंदाज चुकला."

"काय?"

"आमच्याकडे थेंबही पडला नाही. माझं चुकलं."

 त्यांना वाटलं असेल, फोनची लाइन खराब आहे. मग नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "बरं. उद्या बोलू." आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत, नंतरही नाही. अंदाजात तुझं स्वतःचं वाक्य लिही, असंही पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

"साहेब रागावला काय गो?" अम्मींनी विचारलं. त्यांना शब्द कळले नव्हते, माझा चेहरा दिसत होता.

"थोडेसे."

"रागवू दे," त्या म्हणाल्या, आणि सांदणाचा तुकडा मोडून स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. सगळे माझ्याकडे प्रेमानं बघत होते. सांदण नारळाच्या रसातलं होतं, मऊ, चांगलं गोड. मला ते गोड लागलं, आणि आणखी एक मी मागून घेतलं, याची लाज मला अजून वाटते.